गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली. १९८८ मध्ये तिचे ओम्नी असे बारसे झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात केटरर, मंडपवाले, भाजीचे व्यापारी, शाळेच्या मुलांना नेणारे व्हॅनवाले काका, तालुक्याच्या गावातले दवाखाने, सगळ्यांनी ती वापरली. अजूनही वापरतात. आज चालणाऱ्या बऱ्याचशा ओम्नी पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत आणि त्यांची निम्मी दुरुस्ती मालक स्वतःच करतो. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे साधे इंजिन, सहज मिळणारे सुटे भाग आणि दूर असलेले गॅरेज, असा तो हिशेब आहे.

या घरगुती दुरुस्तीकडे तुच्छतेने बघणे मला पटत नाही. रात्री अकरा वाजता आडरस्त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडाच उपयोगी पडतो. मात्र प्रत्येक जोडकाम करण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे निसटले तर गाडी नुसती थांबेल की कोणाचा जीव धोक्यात येईल? आणि हे काढून पक्के काम कधी करायचे? पहिल्याचे उत्तर ‘नुसती थांबेल’ असे असेल आणि दुसऱ्याला तारीख असेल, तर खुशाल करावे. जोडकाम केले की कागदाच्या चिकटपट्टीवर तारीख लिहून ती स्टिअरिंगसमोर लावावी. तात्पुरते काम नीट चालू लागले की ते विसरले जाते, आणि विसरलेले कामच पुढे घात करते.

इंजिनाची जागा

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की ते समोर दिसते. पावसात छत्री धरून बॉनेटखाली वाकावे लागत नाही, ही सोय मोठी आहे. पण त्याच जागेमुळे इंजिनाची उष्णता, पेट्रोलची वाफ आणि जळलेला वायू हे सगळे चालकाच्या अगदी जवळ असते. मध्ये फक्त पत्र्याचे झाकण आणि त्याभोवतीची रबरी पट्टी. ही पट्टी कडक झाली किंवा तुटली असेल, तर बाकी कशालाही हात लावण्याआधी ती बदलावी.

पाणी, होज आणि हळद

जुनी व्हॅन बंद पडण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे गरम होणे. काटा वर जाताना दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, पाणी एका क्षणात उकळते आणि तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणेही टाळावे. ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने झटकन आकसले तर वाकते, आणि मग गॅस्केटचा खर्च आला.

गळती बहुतेक वेळा रबरी होजला असते. चीर टोकाजवळ असेल तर तेवढा भाग कापून होज पुन्हा चढवावा आणि क्लिप आवळावी. हे काम जवळजवळ पक्केच. चीर मध्यावर असेल तर होज पूर्ण कोरडा करावा, सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी चांगली ताणून एकावर एक गुंडाळावी आणि दोन्ही टोकांना बाइंडिंग वायर पिळावी. ओल्या आणि गरम रबरावर इन्सुलेशन टेप टिकत नाही. त्यानंतर रेडिएटरचे झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. दाब चढत नाही, त्यामुळे जोडावर ताण येत नाही. मात्र पाणी लवकर उकळते, म्हणून हळू चालवावे आणि थांबून थांबून, इंजिन निवल्यावर, पाण्याची पातळी पाहावी.

रेडिएटरलाच बारीक छिद्र पडले असेल तर जुने चालक त्यात हळद टाकतात. थट्टा वाटेल, पण त्यात तथ्य आहे. हळदीची पूड पाण्यात फुगते, पाण्याबरोबर छिद्राकडे ओढली जाते आणि तिथे साचून बसते. एक-दोन चमचे पुरतात. अडचण अशी की हळदीला छिद्र आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या यांतला फरक कळत नाही. नळ्यांतही ती साचते आणि गळती नसलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात गरम होऊ लागते. त्यामुळे हळद घातली असेल तर घरी पोहोचताच रेडिएटर धुऊन घ्यावा, छिद्राला डाग मारून घ्यावा आणि नंतर नुसते पाणी न भरता कूलंट भरावे. नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो आणि पुढची छिद्रे तिथूनच पडतात.

रेडिएटरचा पंखा विजेवर चालणारा असेल आणि त्याचा उष्णतेवर चालणारा स्विच गेला असेल, तर स्विचच्या दोन वायर एकमेकींना जोडल्या की पंखा सतत फिरतो. हे कामचलाऊ काम मला निर्धोक वाटते, कारण त्यात चूक झाली तर इंजिन जास्तच थंड राहते.

पेट्रोलचा वास

टाकीला बारीक भेग पडून पेट्रोल ठिबकत असेल तर कपड्याच्या साबणाची वडी त्या जागी दाबून घासतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो भेगेत ठासून बसतो. पाण्याने मात्र धुतला जातो, त्यामुळे पावसात भरवसा नाही. एम-सील ओल्या पेट्रोलवर चिकटत नाही. आधी टाकी त्या पातळीच्या खाली रिकामी करून जागा कोरडी करावी लागते. टाकीला वेल्डिंग मात्र रस्त्याकडेच्या टपरीवर कधीही करू नये. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेटते आणि स्फोट होतो.

टाकीपेक्षा जास्त काळजी पाईपची करावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या ओम्नीचे रबरी पाईप आणि कार्बुरेटरमधली रबरी वायसरे त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात, तडकतात. पाईप वाकवून पाहावा. पृष्ठभागावर बारीक रेषा दिसल्या तर टेप न गुंडाळता इथेनॉल चालणारा नवा पाईप क्लिपसह बसवावा. तापलेल्या इंजिनावर, तेही सीटखाली, पेट्रोल ठिबकत असताना पुढच्या गावापर्यंत रेटू असे म्हणायला जागा उरत नाही.

घाटात बंद पडली तर

मे महिन्यात भरलेली व्हॅन खंबाटकी किंवा वरंधा चढताना धक्के देत बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. कार्बुरेटरच्या गाडीत बहुधा पेट्रोलची पाईपमध्येच वाफ झालेली असते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही. पेट्रोलच्या पंपावर आणि पाईपवर ओले फडके ठेवावे, वीस मिनिटे थांबावे. पुढच्या चढणीला गिअर खालचा ठेवून इंजिन मोकळे फिरू द्यावे.

पावसाळ्यातले बंद पडणे वेगळे. कोकणातल्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच भलतीकडे पळते. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली की बहुतेक वेळा काम होते. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंटवर काळा थर आला आहे का ते पाहावे. बारीक पॉलिश पेपर नसला तर काडेपेटीची खरखरीत बाजू एक-दोनदा फिरवून तो निघतो. पॉइंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. ती फिलर गेजने मोजावी, अंदाजाने ठेवू नये.

केबल तुटल्यावर

ॲक्सिलरेटरची केबल तुटली आणि गाडी कार्बुरेटरची असली, तर कार्बुरेटरवरचा आयडलिंगचा स्क्रू थोडा आत फिरवावा. इंजिन चढ्या गतीवर राहते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सपाट रस्त्याने हळूहळू गॅरेज गाठता येते. उतारावर आणि गर्दीत हे करू नये, कारण पाय उचलला तरी इंजिन मंदावत नाही.

क्लचची केबल तुटली तर इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकून स्टार्टर मारावा. गाडी धक्का देऊन निघते आणि चालत्या गतीत इंजिन सुरू होते. समोर माणूस किंवा वाहन नाही याची खात्री आधी करावी. स्टार्टरवर आणि गिअरवर यात बराच ताण येतो, म्हणून दर सिग्नलला असे करत शहरभर फिरू नये. खरे तर क्लचची एक जादा केबल सीटखाली ठेवणे इतके स्वस्त पडते की ही वेळ येऊच नये.

फ्यूज आणि अर्थिंग

फ्यूज उडाला की त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालायची सवय सर्रास दिसते. ती अगदी वाईट. फ्यूज मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे वायर तापण्याआधी तो वितळावा. त्याच्या जागी तार घातली की तापणारी वस्तू आता डॅशबोर्डमागची वायर असते. तातडीच्या वेळी रेडिओचा तितक्याच अँपिअरचा फ्यूज काढून हेडलाइटला लावावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिसरा लावण्यापेक्षा वायर कुठे घासली ते शोधावे.

दिवे मंद होणे आणि स्टार्टर कण्हत फिरणे याचा ठपका दर वेळी बॅटरीवर येतो. आधी टर्मिनल पाहावेत. त्यांवरचा पांढरा-हिरवट थर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवावा, पुसावा, व्हॅसलिन लावावे. मग इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी तपासावी. ती गंजली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. केबल विनाकारण तापत असेल, वारंवार जळून तुटत असेल, तर दोष या पट्टीत आहे. जंपर केबलने इंजिन आणि बॉडी जोडून पाहिले की निदान पक्के होते.

गंज

ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही. मॅटिंग उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जावे; खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की तिथे पत्रा संपला आहे. सरकत्या दरवाजाखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालची जागा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला धरतात ती टोके, यांकडे विशेष लक्ष द्यावे.

वरवरचा गंज घरी काढता येतो. तारेच्या ब्रशने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासावा, त्याच दिवशी रेडऑक्साइड आणि वर रंग. गंजावरच लांबी भरून रंग मारणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी हात आरपार जातो. जमिनीच्या पत्र्याला हातभर भोक असेल तर तुकडा रिव्हेट करून कडा सीलंटने बंद करणे चालते. पाट्यांची टोके, सीटचे आणि पट्ट्याचे बोल्ट इथे फक्त वेल्डिंग, तेही चांगल्या पत्र्यापर्यंत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी. दारांच्या तळाशी पाणी जाण्याची छोटी भोके असतात, ती तारेने मोकळी ठेवली तरी बरीच वर्षे वाढतात.

सायलेन्सर

सायलेन्सरचे भोक डब्याचा पत्रा आणि बाइंडिंग वायर लावून बंद करतात. इतर गाड्यांत ते बहुतेक वेळा आवाजापुरते असते. इथे इंजिन सीटखाली आणि जमीन गंजलेली, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड थेट आत. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळ, झोप येणे ही लक्षणे उन्हाची समजून माणूस काचा लावून घेतो. गळती असेपर्यंत काचा उघड्या ठेवाव्यात, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कोणालाही बसवू नये.

जिथे जुगाड नाही

ब्रेक ऑइलऐवजी साबणाचे पाणी घालण्याचे किस्से अभिमानाने सांगितले जातात. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये आणि पाणी शोषून जुने झाले तरी १४० पर्यंत टिकावे, अशी अपेक्षा असते. साधे पाणी शंभरालाच उकळते. घाट उतरताना त्याची वाफ झाली की पेडल जमिनीला टेकते. इंजिन ऑइल घातले तर ब्रेकमधली रबरे फुगून अडकतात. ब्रेक गळत असेल तर गाडी टोचनवर न्यावी, दोर बांधून ओढत नव्हे, उचलून.

गॅसचेही तेच. सीएनजी टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची आहे. घरगुती सिलिंडरवर चालणाऱ्या व्हॅन बेकायदा आहेत, आणि त्यांत शाळेची मुले बसतात तेव्हा शब्द जपून वापरण्याचे कारण नाही: हा गुन्हा आहे. सरकत्या दरवाजाचे कुलूप नीट बसत नसताना दोरीने बांधून मुले नेणेही त्याच रांगेत येते. लॅच आणि रोलर सहज मिळतात.

सुटे भाग कुठले, कसले

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. ओम्नीचा जवळजवळ प्रत्येक भाग, नवा किंवा भंगारातला, मिळतो. दरवाजा, काच, सीट, कार्बुरेटरची बॉडी, आल्टरनेटर जुना घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे जोड, टायर, पेट्रोलचा पाईप नवेच घ्यावेत, पावतीसह. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवताना आरटीओत गाडी तपासली जाते. पावत्या असल्या की काय कधी बदलले याची शोधाशोध राहत नाही. सीटखालच्या पेटीत फॅन बेल्ट, क्लच केबल, फ्यूज, दोन होज क्लिप, सायकलची ट्यूब, बाइंडिंग वायर, पक्कड, पान्यांचा संच आणि पाच लिटर पाणी असले, की वर सांगितलेल्यातले बहुतेक प्रसंग रस्त्याच्या कडेलाच निभावतात.