ओव्हनमागचे सॉकेट

छत्रपती संभाजीनगरातील सिडको भागातले आमचे घर जुने. स्वयंपाकघरात एकच सॉकेट, तेही ६ अँपिअरचे, मिक्सरपुरते. गेल्या वर्षी ओट्याखाली बसवायचा ओव्हन आणला. कन्व्हर्जन प्लग लावून तो त्याच सॉकेटला जोडला आणि सॉकेट, बटण सारे ओव्हनमागे झाकले गेले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याच्या घरी ही गत! आठवड्यात जळका वास आला. बटणापर्यंत हात पोचेना, तेव्हा मीटरजवळचा मेन स्विच बंद केला.

असे का झाले? ओव्हन ३,००० वॅटचा. त्याला २३० व्होल्टने भागा. प्रवाह येतो सुमारे १३ अँपिअर. ७५० वॅटच्या मिक्सरच्या तो चौपट. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सोळापट! सॉकेटची पकड सैल होऊन तेथे नुसता ०.१ ओहम रोध असला, तरी १३ × १३ × ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॅट उष्णता त्या चिमुकल्या जागी निर्माण होते. प्लॅस्टिक वितळणारच.

अशा उपकरणाला १६ अँपिअरचे सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार आणि स्वतंत्र एम.सी.बी. हवी. सॉकेट शेजारच्या कपाटात असावे. स्विच ओट्याच्या वर, सहज हात पोचेल असा, पण शेगडी व नळापासून दूर. आमचा आता तसा आहे. त्यासाठी नव्या फरश्या फोडाव्या लागल्या, हे निराळे.