किती वाजले व?

सासूबाईंचा हा प्रश्न दिवसातून पन्नासदा तरी यायचा. सकाळी कणीक मळताना, दुपारी जरा पाठ टेकली की, रात्री दोन वाजता. आधी आधी मी नीट सांगायची. मग नुसतंच “आठ” म्हणायची. एकदा तर चक्क चिडून म्हटलं, “आई, तुम्हाला कुठं गाडी पकडायची आहे का?” त्या काही बोलल्या नाहीत. ते वाक्य मला आजही टोचतं.

त्यांची दृष्टी काचबिंदूनं गेली. हा आजार मोठा लबाड, मैत्रिणींनो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. बहुतेकांची आधी कडेची नजर जाते आणि आपल्याला वाटतं, वयामुळे भांडी धडकतात. गेलेली नजर परत येत नाही. चाळिशी उलटली की डोळ्यांचा दाब तपासून घ्या, हे मी बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना सांगायची. घरात मात्र उशीर झाला.

त्यांना अंधारापेक्षा जास्त त्रास वेळ न कळण्याचा होता. उजेड नाही, सावली नाही, घड्याळ नाही. आमच्या उमरेडहून तेव्हा नागपूर-नागभीडची नॅरोगेज गाडी जायची. तिची शिटी ऐकून त्या अंदाज बांधायच्या. पण गाडी उशिरा आली की त्यांचा सगळा दिवसच पुढे-मागे व्हायचा.

२०१६ च्या पावसाळ्यात एकदा सकाळपासून वीज गेली. टीव्ही बंद, माझी बैठकही रद्द. मुलगा माळ्यावर काहीतरी शोधत होता, त्याच्या हाती सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर लागला. टीव्ही आला तेव्हा मीच तो कापडात गुंडाळून वर टाकला होता. नवे सेल घातले, खरखर झाली आणि नागपूर केंद्र लागलं. सासूबाई ताडकन उठून बसल्या. “काहून इतके दिवस बंद ठेवलं होतं व?”

त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून रेडिओ ऐकला. मग आठ-दहा दिवस ऐकतच राहिले. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, म्हणजे सासूबाई आणि ते बरोबरीचेच. पहाटे ती ओळखीची धून वाजली, की त्या हात जोडायच्या. (ही धून वॉल्टर कॉफमन नावाच्या परदेशी संगीतकाराची, हे मला फार उशिरा कळलं.) सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या. एक अक्षर कळायचं नाही, पण त्या संपल्या की चहा हवा. मग प्रादेशिक बातम्या. आठला हिंदी, साडेआठला मराठी. त्या संपेपर्यंत माझी पोळी तव्यावर नसली, तर आवाज यायचा, “आज उशीर झाला वाटते?” दुपारी महिलांचा कार्यक्रम. त्यात लोणच्याची कृती सांगितली की त्या रेडिओशीच भांडायच्या, “इतकं मीठ घालत असतात का बापा!” संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी सल्ला आणि बाजारभाव. शेत विकून बरीच वर्षं झाली होती, तरी सोयाबीनचा भाव त्यांना पाठ. पावणेनऊला हिंदी बातम्या, मग जेवण.

पंधरा दिवसांत “किती वाजले?” जवळजवळ थांबलं. उलट मीच स्वयंपाकघरातून विचारू लागले, “आई, किती झाले?”

राहिली रात्र. म्हातारपणी झोप कमी. केंद्र बंद झालं की त्या पुन्हा तळमळायच्या. मग माझ्या दिरांनी एक गोष्ट दाखवली. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झला, काट्याच्या एका टोकाशी. बटण फिरवत पार दुसऱ्या टोकाला, १५६६ पर्यंत नेलं, की आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी लागायची. १९८८ साली सुरू झालेली ही वाहिनी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालायची. कार्यक्रम दिल्लीचे, पण ते देशभर पोचवणारं १००० किलोवॅट क्षमतेचं प्रक्षेपण केंद्र आपल्या नागपूरचं! मला भारीच कौतुक वाटलं. गाणी, गप्पा, मुलाखती, आणि तासातासाला बातम्या, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. इंग्रजी लागली की सासूबाई म्हणायच्या, “झाला एक तास.” झोपताना बटण या टोकाला, पहाटे त्या टोकाला. ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. बोटांना सगळं ठाऊक होतं.

जानेवारी २०१९ मध्ये ही राष्ट्रीय वाहिनी बंद करण्यात आली. खर्चाचं कारण वाचलं. असेलही खरं. ऐकणारे किती उरले होते, कोण मोजणार? आमच्या घरात एक होती. तिनं त्या रात्री बटण हळूहळू पुढे-मागे फिरवलं. मग मला हाक मारली, “सेल संपले का व?” मी सेल बदलले. मला माहीत होतं, तरी बदलले.

मुलानं मोबाईलवर आकाशवाणीचं ॲप लावून दिलं. आवाज अगदी स्वच्छ. पण त्या गुळगुळीत काचेवर त्यांच्या बोटांना काही सापडेना. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं? दुसऱ्यानं लावून द्यायचं आणि आपण ऐकायचं, हे त्यांना पटलं नाही. वेळ बोलून सांगणारं घड्याळही आणलं. चार दिवस दाबलं आणि उशाखाली सारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नॅरोगेजही थांबली, मोठ्या रुळांच्या कामासाठी. शिटीही गेली.

मग मी माझी खाट त्यांच्या खोलीत नेली. दिवसा नागपूर केंद्र होतंच. रात्री हाक यायची.

“किती वाजले व?”

“दोन वाजले, आई. झोपा.”

“झोपते. पण आज बैठकीत काय झालं, ते तर सांग.”