ढालीची मूठ काय सांगते?

ग्रीक भूगोलकार स्ट्राबो इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात लुसितानियन, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या भागातल्या योद्ध्यांबद्दल लिहितो: त्यांची ढाल लहान, व्यास दोन फूट, पट्ट्यांनी लटकवलेली. तिला हात घालायला कडं नाही आणि मूठही नाही. आता मूठच नसेल, तर लढताना ही ढाल धरायची कशी?

दुसरीकडे, स्पेनच्या आग्नेयेला मुर्सिया प्रांतात एल सिगारालेहो इथल्या प्राचीन दफनभूमीत, दहनानंतरच्या अस्थींसोबत पुरलेल्या ढालींच्या लोखंडी मुठी सापडल्या आहेत. लाकूड-चामडं कुजून गेलं, लोखंड उरलं. मग स्ट्राबो चुकला, असं लिहून मोकळं व्हायचं का? थोडं थांबू, आधी वस्तू बघू.

या मुठी ढालीच्या मागे मधोमध बसवलेल्या असत. दोन्ही बाजूंना लोखंडाचे रुंद होत जाणारे पंख, ते खिळ्यांनी लाकडावर ठोकलेले. पंखांच्या लांबीवरून ढालीचा किमान व्यास कळतो आणि खिळ्यांच्या लांबीवरून लाकडाच्या जाडीचा अंदाज येतो. मुठीला कड्या असतील तर त्यांत पट्टा ओवलेला असणार. म्हणजे चालताना, चढताना ढाल खांद्याला लटकवायची आणि दोन्ही हात मोकळे; लढताना मूठ पकडायची.

ग्रीक पायदळाची ढाल वेगळी. ती साधारण 90 सेंमीची. मधल्या कड्यातून कोपरापर्यंत हात घालायचा आणि कडेची दोरी मुठीत धरायची. त्यामुळे ढाल हाताला बांधल्यासारखी राहते. काएत्रा, म्हणजे इबेरियातली ही लहान गोल ढाल, फक्त मुठीवर पेललेली असते. ती पुढे ढकलता येते, झटकन फिरवता येते. लुसितानियन ढाली चपळाईने फिरवून वार चुकवतात, हे दिओदोरसनेही नोंदवलंय.

आता स्ट्राबोकडे परत येऊ. तो जी दोन नावं वापरतो ती ग्रीक ढालीच्या याच दोन भागांची आहेत: मधलं कडं आणि कडेची पकड. तो ग्रीक वाचकासाठी लिहितोय. 'आपल्या ढालीसारखं यात काही नाही' एवढंच त्याला म्हणायचं असेल, तर मधली मूठ त्याच्या वाक्याच्या आड येत नाही. शिवाय तो स्वतः इबेरियात कधी गेला नव्हता, आणि सिगारालेहोच्या बहुतेक मुठी त्याच्या तीन-चार शतकं आधीच्या, द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाच्या. त्यामुळे दोन्ही पुरावे आपापल्या जागी खरे असू शकतात.

ढालीचा 'वापर' लढण्यापुरताच होता असंही नाही. इ.स.पू. 218 मध्ये हॅनिबलच्या स्पॅनिश सैनिकांनी ऱ्होन नदी ओलांडली, तेव्हा कपडे कातडी पिशव्यांत भरले, वर काएत्रा ठेवल्या आणि त्यांवर पालथं पडून ते पोहत पलीकडे गेले, असं लिव्ही सांगतो. मोठी, जड ढाल घेऊन हे जमणं कठीणच.

संशोधनाला बसणार असाल, तर पुरावे भांडताना दिसले की एकाला लगेच बाद करू नका. दोघांना तेच चार प्रश्न विचारा: कुठला, केव्हाचा, कोणासाठी, आणि त्या शब्दाचा तिथे अर्थ काय? बऱ्याचदा भांडण पुराव्यांचं नसतंच, आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलेलं असतं.