सांध्यावरचा धडा

औंढा नागनाथाला प्रदक्षिणा घालताना नजर भिंतीवरून वर नेली, की एका उंचीला काळा पाषाण संपतो. खाली यादवकाळातलं कोरीव काम, वर नंतरच्या काळातलं पांढरं, विटा-चुन्याचं बांधकाम. मूळ शिखर आज नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना पुरातत्त्व शिकवायचं, तर माझ्या मते या सांध्यासारखी जागा नाही, आणि तो उलगडायला त्रिमिती प्रारूपासारखं साधन नाही.

प्रारूप घडतं साध्या छायाचित्रांतून. वास्तूभोवती फिरत शेकडो फोटो काढायचे. प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग यायला हवा. संगणक त्यांतले सारखे बिंदू हेरतो, कॅमेरा कुठे होता ते काढतो आणि लाखो बिंदू अवकाशात मांडतो. ही फोटोग्रॅमेट्री. फोटोत मोजपट्टी नसेल, तर आकार हाती येतो, माप येत नाही. अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं त्या तळातल्या गाभाऱ्यात मात्र लेझर स्कॅनर बरा. तो स्वतःचा किरण सोडून अंतर मोजतो, त्याला उजेड लागत नाही. ज्या वृद्धांना त्या पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनाही असा गाभारा आभासी वास्तवाच्या चष्म्यातून पाहता येईल.

कठीण भाग पुढचा. या चष्म्यात नाहीसं झालेलं शिखर क्षणात उभं राहतं, आणि मूल डोळ्यांनी पाहिलेलं खरंच मानतं. सिन्नरच्या गोंदेश्वराचं यादवकालीन भूमिज शिखर शाबूत आहे; अंबरनाथचं १०६० सालचं शिलाहारकालीन मंदिरही ताडून पाहता येतं. त्यांवरून औंढ्याच्या शिखराचा अंदाज बांधता येईल, पण तो अंदाजच. पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होतं, हे पाहणाऱ्याला कळलंच पाहिजे, असा आग्रह वारशाच्या संगणकीय दृश्यांकनासाठीच्या २००६ च्या लंडन सनदेने धरला. म्हणून उरलेला दगड त्याच्या रंगात दाखवावा, तर्क फिकट राखाडीत. शिखरंही दोन-तीन दाखवावीत आणि कोणतं पटतं, का पटतं, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. वरचं पांढरं बांधकाम प्रारूपातून पुसू नये; ज्यांनी पडलेलं देऊळ पुन्हा उभं केलं, त्यांचाही तो इतिहास आहे.

सुरुवात देवळापासूनच करायला हवी असं नाही. मराठवाड्यात कितीतरी गावांत मारुतीच्या पारापाशी वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे असतात. मोबाइल, मोजपट्टी, ढगाळ दिवसाचा सारखा उजेड आणि मेशरूमसारखी मोफत संगणकप्रणाली एवढ्यावर आठवीचा वर्ग आपल्या गावचा वीरगळ मापासकट उतरवू शकतो.