विहिरीचा तळ आणि आईचा प्रश्न

तळेगाव ढमढेऱ्यातलं एखादं घर डोळ्यांपुढं आणा. गाव वेळ नदीच्या काठचं. शिक्रापूर हाकेवर, त्यापलीकडं सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने. वडील दुसऱ्या पाळीला गेलेत. आई मेथी निवडत बसलीय, तिची शाळा सातवीत सुटलेली. समोर दहावीतली मुलगी विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा चौथ्यांदा वाचतेय. आई म्हणते, ‘‘काय हाय गं त्यात? मला तरी सांग.’’ मुलगी मान वर न करता म्हणते, ‘‘तुला नाही कळायचं, आई.’’

शाळेच्या पालकसभेत हेच वाक्य उलट्या बाजूनं ऐकू येतं. ‘‘आम्हाला काय कळतंय सर, तुम्हीच बघा.’’ मूल आठवी-नववीत गेलं, बीजगणित आणि रासायनिक समीकरणं आली, की आईबाप आपणहून मागं सरतात. मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते. कारण आईनं आत्ता जे विचारलं, त्याच्याइतकं गुणकारी औषध शिकण्याच्या शास्त्राला फारसं सापडलेलं नाही.

2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. मग एका गटानं तोच उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो मिटून ठेवला आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. त्यांना 81 टक्के आठवलं, दुसऱ्यांना 75. तीच परीक्षा आठवड्यानं घेतली आणि पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडं 42 टक्के उरलं होतं, मिटून आठवणाऱ्यांकडं 56.

हे आकडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ ते डोक्यातून जाईनात. रात्री दहापर्यंत पुस्तकावर वाकलेलं मूल आपल्याला अभ्यासू दिसतं. त्यालाही वाटत असतं, आलं मला. चौथ्या वाचनाला ओळी ओळखीच्या झालेल्या असतात आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. पण मेंदूचा हिशेब वेगळा. एखादी गोष्ट आत भरताना जेवढी पक्की होते, त्याहून जास्त ती आतून ओढून बाहेर काढताना होते. बांधावरची पाऊलवाट जशी चालण्यानं मळते, तशी आठवणीची वाट आठवण्यानं मळते. प्रत्येक वेळी तिकडं जाताना चेतापेशींमधले तेच जोड पुन्हा कामाला लागतात आणि बळकट होतात. आठवताना होणारी ओढाताण, ते ‘थांब, सांगते’ म्हणून कपाळाला हात लावणं, हाच खरा अभ्यास.

आता आईकडं परत या. ‘मला सांग’ म्हटल्याबरोबर पुस्तक मिटावं लागतं. आईला अपवर्तन हा शब्द माहीत नाही, म्हणून पाठ केलेली व्याख्या तिथं चालत नाही. मुलीला साध्या बोलीत सांगावं लागतं, की उजेड हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. सांगता सांगता ती अडखळते, आणि अडखळली तिथंच आपल्याला काय कळलेलं नाही ते तिला दिसतं. शिक्षकांना हेच सांगताना ती अर्ध्यावर थांबली असती, कारण त्यांना पुढचं माहीत असतं. न जाणणाऱ्या श्रोत्याला मात्र सगळं सांगावं लागतं.

आणि मग आई विचारते, ‘‘आपल्या विहिरीचा तळ वर आल्यावाणी दिसतो, तो ह्याच्यामुळं का?’’

होय, त्याच्यामुळंच. पाण्याचा अपवर्तनांक साधारण 1.33. म्हणजे नितळ पाण्यात सरळ वरून पाहिलं तर खोली पाऊणच दिसते. बारा फूट पाणी नऊ फूट भासतं. तळाकडून येणारा किरण पृष्ठभागाशी वाकतो, पण डोळा त्याला सरळ आलेला समजून मागं जातो आणि तळ आहे त्याहून वर ठेवतो. मुलीनं हा आकडा पुस्तकात पाहिला होता, आईनं तो तळ आयुष्यभर पाहिला होता. त्या एका प्रश्नानं दोन्ही एकत्र आले.

अशा जागा आपल्या घरांत किती आहेत ते मोजायला बसलं तर संपायचं नाही. शेतातली पाच एचपीची मोटर घ्या. एक एचपी म्हणजे 746 वॅट, तेव्हा पूर्ण भारानं तासभर चालली तर पावणेचार युनिटांच्या आसपास कामच करते. वीज त्याहून थोडी जास्त ओढते. दहावीच्या विद्युतधारेचा धडा त्या स्टार्टरच्या पेटीत आहे. घर बांधताना गवंडी कोपरा गुण्यात आहे का ते पाहतो, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, मग तिरकं माप पाच भरलं पाहिजे. पायथागोरसचं नाव त्यानं ऐकलेलं असेल किंवा नसेल, प्रमेय रोज वापरतो. असा बाप मुलाला म्हणतो, ‘‘माझं काय, मी गवंडी.’’

रोजच्या कामातलं हे विज्ञान ओळखणारा एक माणूस आपल्याच शिरूर तालुक्यात राहून गेला. डॉ. श्रीनाथ कालबाग. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ते सोडून त्यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांना त्यांनी हातानं काम करत शिकवलं आणि माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात वर्कशॉप, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार भाग होते. आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग करू लागली, जमीन मोजू लागली, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासू लागली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. दुष्काळी पाबळात! माळावरच्या त्या आश्रमाचा विचार आला की माझी छाती अजून भरून येते. आणि शेजारच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पाहा. ती प्राथमिक आहे, पण तिथली मुलं ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात. 2025 मध्ये या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा मान मिळाला. सांगण्यातून शिकणं तिथं शाळेची रीतच आहे.

मग आईबापांनी गणितं सोडवून द्यायची नाहीत का? याचं उत्तर अनेकांना चकित करील. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 साली साधारण सहावी ते आठवीच्या मुलांवरचे 50 अभ्यास एकत्र करून पाहिले. गृहपाठाला शेजारी बसण्याचा फायदा सातत्यानं दिसला नाही, कधी तर संबंध उलटाच निघाला. (अर्थात मूल मागं पडलं की आईबाप जास्त बसतात, हेही त्यात आलंच.) सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते एका वेगळ्याच गोष्टीशी. शिकण्याचं मोल काय, आमची तुझ्याकडून काय अपेक्षा आहे, तुला पुढं काय व्हायचंय, आत्ताचा धडा त्या वाटेवर कुठं बसतो, अशा घरातल्या बोलण्याशी. हे बोलणं गाडीवर शिक्रापूरला जाता येता होतं, कांदा निवडताना होतं. त्याला पदवी लागत नाही. मुलीशीही ते तितक्याच गांभीर्यानं व्हावं, एवढं मात्र मी आग्रहानं सांगेन. दहावीनंतर तिच्या बाबतीत घरात दुसराच विषय निघत असेल, तर तिनं वर्गसमीकरणं कशासाठी सोडवायची?

आईबापांच्या हातातली आणखी एक गोष्ट म्हणजे झोप. वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळ पुढं सरकतं, झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं. अकराला जागं असलेलं पोर दरवेळी उनाड नसतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. 1994 साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं, की दिवसा धावताना ज्या पेशी एकत्र चमकल्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र चमकत होत्या. झोपलेला मेंदू दिवसाची उजळणी करत होता! म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागवणं म्हणजे पेरलेल्या रानावर नांगर घालणं. घरातले सगळेच मोबाईल दहाला एका फळीवर गेले, वडिलांचाही, तर मुलांना ते जाचत नाही.

तळेगावच्या त्या घरी दुसऱ्या दिवशी रविवार असावा. मुलगी विहिरीवर सुंभाला दगड बांधते, फुटाफुटावर गाठी मारते. वडील कठड्याशी तिचा दंड घट्ट धरून उभे. ‘‘नऊ असंल बघ,’’ ते म्हणतात. दगड तळाला टेकतो, ती दोर वर ओढत ओल्या गाठी मोजते, आणि नवव्या गाठीनंतरही दोर ओलाच येत राहतो.