सोरायसिस आणि धातू – लेखांक ६ : त्वचेची स्वतःची नांगी

लोह, जस्त आणि मँगनीज हे धातू पेशींना अत्यल्प प्रमाणात, पण अपरिहार्यपणे का लागतात, याचा विचार मागील लेखांकात झाला. या धातूंना बांधून ठेवणाऱ्या संयुगांना कीलेटक म्हणतात. हा शब्द १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून बेतला, कारण असे संयुग धातूच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, एकाच टोकाने न चिकटता दोन किंवा अधिक बाजूंनी पकडते.

कीलेटक म्हटले की सलाइनची बाटली डोळ्यांपुढे येते; सोरायसिसच्या बाबतीत मात्र सर्वांत लक्षणीय कीलेटक त्वचा स्वतःच तयार करते. सोरायसिसच्या चट्ट्यांतील पेशींमध्ये विपुल आढळणाऱ्या एका लहान प्रथिनाचे वर्णन १९९१ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी केले आणि रोगाच्याच नावावरून त्याला सोरायसिन असे नाव मिळाले. हे प्रथिन नेमके काय करते, याचा एक उलगडा २००५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी केला: ते जस्ताचे आयन धरून ठेवते, त्यामुळे ई. कोलाय या जीवाणूला जस्त मिळेनासे होते आणि तो मरतो. प्रथिनाला आधीच जस्ताने भरून टाकले, तर त्याची मारकशक्ती नाहीशी होते. कॅल्प्रोटेक्टिन हे याच कुळातील दुसरे प्रथिन जस्ताबरोबर मँगनीजही पकडते आणि तेही चट्ट्यांत मोठ्या प्रमाणावर असते. सोरायसिसची त्वचा भेगाळलेली असूनही तिच्यात जंतुसंसर्ग तुलनेने कमी का होतो, याच्या उत्तराचा काही भाग येथे सापडतो, जरी त्याचे श्रेय इतर जीवाणुनाशक प्रथिनांनाही द्यावे लागते. हाच सोरायसिन दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही चट्ट्याकडे ओढतो, आणि म्हणून त्याला निव्वळ रक्षक म्हणणे घाईचे ठरेल.

लोहाची बाजू वेगळी आहे. निरोगी बाह्यत्वचेतील पेशी सुमारे महिनाभरात पृष्ठभागापर्यंत पोहोचते, तर चट्ट्यात हाच प्रवास काही दिवसांत संपतो. इतक्या वेगाने विभाजन होण्यासाठी डीएनएचे घटक सतत बनत राहावे लागतात आणि ते बनवणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराच्या केंद्रस्थानी लोह असते. डेस्फेरिऑक्झामिन या लोहकीलेटकाने प्रयोगशाळेतील पेशींचे लोह काढून घेतले की त्यांची डीएनएनिर्मिती मंदावते. विदर्भातील सिकलसेलच्या रुग्णांना परिचित असलेले हायड्रॉक्सियुरिया हे औषधही याच विकराला निकामी करते आणि सोरायसिसवर ते काही दशके वापरले गेले आहे. मात्र विकराला बाधा आणणे आणि शरीरातून लोह काढून टाकणे या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांची गल्लत सर्रास होते. डेस्फेरिऑक्झामिन संधिवाताच्या रुग्णांना दिले असता काय घडू शकते, हे १९८५ मध्ये नोंदले गेले: प्रोक्लोरपेराझिन या उलटी थांबवणाऱ्या औषधाबरोबर ते घेतलेले दोन रुग्ण दोन-तीन दिवस बेशुद्ध होते.

शिरेतून ईडीटीए देऊन 'शरीरातील विषारी धातू' बाहेर काढण्याची जाहिरात त्वचारोगांच्या संदर्भातही केली जाते. ईडीटीए शिसे पकडतो, परंतु त्याचा सोडियमयुक्त प्रकार रक्तातील कॅल्शियमही पकडतो. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत अशा उपचारानंतर कॅल्शियम एकाएकी घसरून तिघांचा मृत्यू झाला आणि त्यांत दोन बालके होती. शिशाच्या विषबाधेवर कीलेटकाला जे स्थान आहे, ते सोरायसिसच्या प्रमाणित उपचारांत त्याला नाही. सोरायसिसवर 'कीलेशन' सुचवले गेल्यास रुग्णाने कोणते औषध आणि कोणत्या पुराव्यावर, हे दोन प्रश्न आपल्या त्वचारोगतज्ज्ञाला अवश्य विचारावेत.

पुढील लेखांकाचा विषय: ब्राझीलमधील झाडापासून मिळणारी गोवा पावडर आणि तिच्यावरून पुढे आलेले डायथ्रॅनॉल, ज्याला मलमातील झिंक ऑक्साइड निकामी करते आणि सॅलिसिलिक आम्ल वाचवते.