चारशे बारा वेळा डावा पाय

हिंजवडीहून कोथरूडला परतताना एका संध्याकाळी तिने मोजलं. क्लच ४१२ वेळा दाबला. आमच्याच सोसायटीत राहते, पुलांची डिझाइनं करते. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मला आकड्यापेक्षा नवल वाटलं ते गाडीचं. विंचवाचं बोधचिन्ह मिरवणारी अबार्थ पुंटो, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली. २०१५ साली बाजारात आली तेव्हा १४५ पीएसच्या या छोट्या गाडीवर हौशी मंडळी नुसती तुटून पडली होती. आणि तिच्या नशिबी काय, तर वाकडच्या पुलाखाली पहिला-दुसरा गिअर, पहिला-दुसरा गिअर. या शेजारणीसोबत मी गॅरेजमध्ये गेलो तो या विसंगतीपायी.

क्लच घसरत असल्याची लक्षणं सरळ होती. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा चढायचा, वेग मात्र होता तिथंच. चांदणी चौकाच्या चढावर वासही यायला लागला. अडुसष्ट हजार किलोमीटर झाले होते.

"पाय क्लचवर ठेवून चालवता का, ताई?" मामांनी विचारलं. वारज्यातल्या त्या गॅरेजात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणतात.

"नाही हो मामा."

"सगळे नाहीच म्हणतात."

गाडी लिफ्टवर चढली, बॅटरी निघाली, अ‍ॅक्सल सुटले, गिअरबॉक्स खाली आला. यात अर्धा दिवस गेला. प्रेशर प्लेटचे बोल्ट सुटले तसा कोंडलेला वास भस्सकन बाहेर पडला, जळक्या गोणपाटासारखा. पोऱ्या हवेचा पाइप घेऊन धावला, तर मामा खेकसले, "हवा मारू नको रे! ओल्या फडक्याने पूस." जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आता चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावर ते नसल्याचं छापलेलं असतं, तरी ही काळी भुकटी छातीत भरून घेण्यासारखी नाहीच. हा माणूस मला तिथंच आवडला.

क्लच प्लेट त्यांनी माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलेलं, कडेला काचेसारखं चकचकीत. मधल्या चार स्प्रिंगांपैकी एक बोटाने हलवली की खुळखुळत होती. झटका सोसायचं काम त्या स्प्रिंगांचं. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते, पण तडा नव्हता. मामांनी पट्टी आडवी धरून पाहिली, पॉलिश पेपर फिरवला, आणि मागच्या ऑइल सीलभोवती बोट फिरवून कोरडं असल्याची खात्री केली. तिथून तेल झिरपत असेल तर नवा क्लचही काही महिन्यांत घसरायला लागतो. हे न बघता गिअरबॉक्स चढवणारे मिस्त्री कमी नाहीत.

आता प्रश्न होता घालायचं काय. तिचा भाऊ फोनवर होताच. त्याने परदेशी ‘स्टेज टू’ सेट शोधून ठेवला होता: सिरॅमिक तुकड्यांची प्लेट, जाड प्रेशर प्लेट, किंमत साध्या सेटच्या तिप्पट, कस्टम ड्युटी वेगळी. "स्पोर्ट्स गाडी आहे, क्लचपण तसाच हवा ना!"

मामांनी एवढंच विचारलं, "ताकद वाढवायला इंजिन रीमॅप केलंय?"

"अजून नाही. बघू."

"मग ‘बघू’साठी एवढे पैसे?"

मामांच्या बाजूने हिशेब आहे. क्लचची पकड तीन गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण आणि प्लेटचा व्यास. व्यास फ्लायव्हीलने बांधलेला. म्हणजे पकड वाढवायची तर दाब वाढवा, नाहीतर घर्षण. वाढलेला दाब शेवटी पेडलवर येतो, आणि तो ४१२ वेळा कोण दाबणार? सिरॅमिक उष्णता सोसतं खरं, पण हळुवार लागणं त्याच्या स्वभावात नाही. एकतर सुटलेलं, नाहीतर धाडकन लागलेलं. शर्यतीच्या ट्रॅकवर ते शोभतं. रांगेत बोटबोट पुढे सरकताना गाडी उचक्या देते. या इंजिनाचा टॉर्क २१२ न्यूटन मीटर. कंपनीचा क्लच तेवढ्यासाठीच बनवलेला असतो, वर थोडी सूट ठेवून. इंजिनाला हात लावलेला नसताना त्यापुढची पकड विकत घेणं म्हणजे निव्वळ मिरवणं, असं माझं मत झालं.

स्वस्ताचं दुसरं टोक नाना पेठेत दिसलं. जुन्याच प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट मारून देतात. किंमत ऐकून मोह होतो, पण ती खुळखुळणारी स्प्रिंग तशीच राहते. शेजारच्या दुकानात कंपनीच्या छापाचं खोकं होतं आणि त्याच्याच बाजूला, क्लच बनवणाऱ्या कारखान्याचं स्वतःच्या नावाचं खोकं. गाडीवाल्यांना माल पुरवणारे कारखाने तोच माल आपल्या नावाने सुटा विकतात, तेव्हा वरच्या छापाचे पैसे वाचतात. काउंटरवरच्या काकांनी जुनी प्लेट मागून घेतली, नवीवर ठेवली, व्यास जुळवला, मधले दाते मोजले. होलोग्राम खरवडून पाहायला त्यांनीच सांगितलं. फियाटच्या नव्या गाड्या बंद झाल्यापासून माल शोधून आणावा लागतो, म्हणाले, आणि नकलीचाही सुळसुळाट झालाय.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट तिने घेतला. बेअरिंग वाचवून बिल कमी करावं असं तिला क्षणभर वाटलं होतं. पण ते उद्या ओरडलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, मजुरी पुन्हा तेवढीच. इथं मात्र काटकसर महागात पडते.

प्लेट मधोमध बसवायला मामांकडे लेथवर बनवून घेतलेली दांडी आहे. ती घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. संध्याकाळी गाडी खाली आली. तिने पेडल दाबलं आणि हसलीच. एवढं हलकं! हळूहळू जड होत गेलेलं पेडल तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"आठशे किलोमीटर झटके द्यायचे नाहीत," मामांनी बजावलं. "प्लेट बसू द्या आधी."

"रविवारी ताम्हिणीला गेले तर चालेल?"

"जा की. पण चढावर हाफ क्लचवर उभ्या राहू नका. हँडब्रेक कशाला दिलाय?"